जुन्या विटांच्या फायरप्लेसवर दगड लावायचा आहे, आधी काय तपासू?

नीरेकाठ | ९ ऑगस्ट, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

क्लीव्हलँडजवळ आमचं १९७६ सालचं घर आहे. हॉलमध्ये जमिनीपासून छतापर्यंत विटांची फायरप्लेस आहे, खरी लाकडं जाळायची. आधीच्या मालकांनी विटांना पांढरा रंग दिला होता. तोंडाच्या वरचा रंग आता पिवळा-काळा पडलाय. मला तिथे पातळ कापलेला दगड लावायचा आहे.

यंदाच हे काढायचं कारण म्हणजे माझे वडील इथे आले आहेत. शिरवळ आणि आसपासच्या गावांत अण्णांनी चाळीस वर्षं गवंडीकाम केलं. ऑक्टोबरच्या शेवटी ते परत जातील. त्यांच्या हाताखाली हे काम शिकायची अशी संधी मला पुन्हा मिळेल असं वाटत नाही. पण फायरप्लेस त्यांनी कधी बांधलेली नाही आणि इथलं सामान त्यांना नवं आहे. मी स्वतः टाइल्सपलीकडे काही केलेलं नाही.

मापं: रुंदी ६ फूट, उंची ८ फूट, भिंतीतून १ फूट पुढे आलेली. तोंड ३६ इंच रुंद, २८ इंच उंच.

एका ठेकेदाराला बोलावलं होतं. तो म्हणाला, "रंगावरच चिकटवू, आमचा मसाला चांगला आहे." अण्णांना हे अजिबात पटलं नाही. तुम्ही कुणी हे काम केलंय का?

---

डोंगरवाट | ९ ऑगस्ट, रात्री १०:१५

ताई, अण्णांचं ऐका, ठेकेदाराचं नको. मी डेन्व्हरला आमच्या घरात हे काम केलंय, आणि पहिल्यांदा नेमकं रंगावरच केलं होतं. दोन हिवाळे टिकलं. तिसऱ्या वर्षी तोंडाच्या वरची पूर्ण ओळ एका रात्रीत खाली आली. सुदैवाने पुढे कुणी बसलेलं नव्हतं. पडलेल्या दगडांच्या पाठीवर मसाला जसाच्या तसा होता आणि त्या मसाल्याला रंगाचा पापुद्रा चिकटून आला होता. म्हणजे मसाल्याने दगड सोडला नाही, रंगाने वीट सोडली.

एक साधी चाचणी करा. विटांवर दहा-बारा ठिकाणी पाणी शिंपडा. वीट पाणी पिते आहे की थेंब तसेच ओघळतात ते बघा. ओघळले तर तिथे मसाला धरणार नाही.

---

हिमगंध | ९ ऑगस्ट, रात्री ११:०२

दगडाआधी एक विचारते. तोंडाच्या वर रंग काळा पडलाय म्हणताय. चिमणी नीट ओढत असेल तर धूर वर जायला हवा, पुढच्या भिंतीवर डाग पडायला नकोत. डॅम्पर (धुराड्याची झडप) पूर्ण उघडत नसेल, आत घरटं असेल, धुराडं अरुंद असेल, काहीही असू शकतं. दगड लावला की डाग झाकला जाईल. धूर मात्र घरात येत राहील.

मिनेसोटात आम्ही दरवर्षी थंडीआधी चिमणी तपासून घेतो. अमेरिकेतल्या अग्निसुरक्षा संस्थेच्या एनएफपीए २११ या मानकातही वर्षातून एकदा तपासणी सांगितली आहे. तुम्ही कॅमेरा घालून करतात ती दुसऱ्या पातळीची तपासणी करून घ्या. सीएसआयए या चिमणी-सुरक्षेच्या संस्थेचं प्रमाणपत्र असलेला माणूस बघा. हे आधी, दगडाची खरेदी नंतर.

---

नीरेकाठ | १० ऑगस्ट, सकाळी ७:५०

खूप आभार. गंमत बघा, डोंगरवाट, तुमचा प्रतिसाद मी सकाळी वाचला, पण अण्णांनी काल संध्याकाळीच तांब्यातून पाणी घेऊन विटांवर मारलं होतं. सगळं पाणी ओघळून खाली आलं. ते म्हणाले, "पाट्याला टाकी लावली नाही तर मिरची वाटली जाते का? घरंगळते नुसती. भिंतीचं तसंच आहे, तिला आधी खरखरीत कर."

हिमगंध, धुराचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आज फोन करते.

---

मोजपट्टी | १० ऑगस्ट, सकाळी ९:३० (पुणे)

मी स्थापत्य अभियंता आहे. एक छोटं गणित मांडतो, त्यातून अण्णा एवढे ठाम का आहेत ते कळेल.

अमेरिकेत चिकटवून लावायच्या दगडाला वजनाची मर्यादा साधारण चौरस फुटाला १५ पौंड धरतात. मसाल्याच्या चिकटपणाची किमान अपेक्षा दर चौरस इंचाला ५० पौंड आहे. एका चौरस फुटात १४४ चौरस इंच, म्हणजे १५ पौंडांचा भार दर चौरस इंचावर साधारण ०.१ पौंड पडतो. धरायची ताकद ५० आणि लागणारी ०.१, जवळजवळ ४८० पट फरक.

मग दगड पडतात का? वजनाने पडत नाहीत. पडतात ते दगडाच्या पाठीचा मोठा भाग कशालाच चिकटलेला नसतो म्हणून. मध्ये धूळ असते, रंग असतो, हवेची पोकळी असते, किंवा कोरड्या विटेने मसाल्यातलं पाणी ओढून घेतलेलं असतं आणि सिमेंटला जमायला ओल उरलेली नसते. ५० चा आकडा स्वच्छ, ओलसर, पूर्ण टेकलेल्या पृष्ठभागासाठी आहे. या कामात मेहनत घ्यायची ती दगडाच्या मागे.

---

चुलीपुढे | १० ऑगस्ट, दुपारी १:१०

श्टुटगार्टहून लिहितोय. आमच्याकडे हा प्रश्न घरमालकाच्या मर्जीवर सोडलेला नाही. प्रत्येक भागाला नेमून दिलेला चिमणीवाला असतो, तो ठरलेल्या वेळी येऊन तपासतो आणि त्याला घरात घ्यावंच लागतं. नवी शेगडीही त्याने पाहिल्याशिवाय पेटवता येत नाही. सुरुवातीला मला याचा त्रास वाटायचा. एकदा त्याने आमच्या धुराड्याच्या जोडातली फट दाखवली आणि मत बदललं. हिमगंध यांच्या मताला पूर्ण पाठिंबा.

---

डोंगरवाट | १० ऑगस्ट, रात्री ८:२५

घर १९७६ चं आहे म्हणून सांगतो: अमेरिकेत घरगुती रंगातल्या शिशावर १९७८ साली बंदी आली. तुमचा रंग त्याआधीचा असू शकतो. नमुना प्रयोगशाळेत तपासून अहवाल येईपर्यंत अण्णांना छिन्नी-हातोडी लावू देऊ नका. शिशाचा रंग घासून उडवला तर ती धूळ घरभर जाते, आणि लहान मुलांना तिचा सर्वात जास्त धोका असतो.

शिसं निघालं नाही तर दोन वाटा आहेत. ग्राइंडरने रंग काढून वीट उघडी करा, किंवा रंग तसाच ठेवून त्यावर जाळी ठोका. मी दुसऱ्या वेळी जाळीची वाट धरली. जस्ताचा मुलामा असलेली ताणलेल्या पत्र्याची जाळी येते, तिला इथे लॅथ म्हणतात. विटेत जाणाऱ्या स्क्रूने ती घट्ट बसवायची. मग भार रंगाऐवजी स्क्रूवर आणि विटेवर येतो. आपल्याकडे कॉलम आणि भिंतीच्या सांध्यावर गिलाव्याआधी लावतात ती चिकनमेश इथे चालवू नका, ती फार लवचिक असते.

जाळीला उलटी-सुलटी बाजू असते. हात खालून वर फिरवला तर गुळगुळीत लागते आणि वरून खाली फिरवला तर खरखरीत अडकते, ती सुलटी. तशी लावली की तिच्या पाकळ्या वाटीसारख्या वर तोंड करून मसाला धरतात.

---

उंबरठा | ११ ऑगस्ट, सकाळी १०:००

खरा दगड घेणार की सिमेंटचा साच्यातला? दुकानात दोन्ही शेजारी ठेवले तर मला फरक कळत नाही.

---

डोंगरवाट | ११ ऑगस्ट, दुपारी १२:४०

कापल्यावर कळतो. साच्यातला दगड म्हणजे सिमेंट, हलकी खडी आणि लोहाचे रंग. खऱ्या दगडावरून घेतलेल्या साच्यात तो ओततात. रंग वरच्या थरात असतो, कापला की आतून फिकट सिमेंट दिसतं. म्हणून कापलेली कड नजरेआड ठेवावी लागते: डोळ्यांच्या पातळीच्या वर असेल तर वरच्या बाजूला, खाली असेल तर खालच्या बाजूला. खरा दगड आतबाहेर एकच असतो. वापरायला दोन्ही ठीक आहेत. जळणाच्या कप्प्याच्या आत मात्र यातलं काहीही लावायचं नाही, तिथे अग्निविटाच लागतात.

---

काळापाषाण | ११ ऑगस्ट, रात्री ९:१५

पोर्टलंडला आम्ही बेसाल्ट लावला. ओरेगन आणि वॉशिंग्टनमध्ये कोलंबिया नदीच्या खोऱ्यात लाव्हाचे थरावर थर आहेत, अगदी आपल्या सह्याद्रीसारखे. आपला दख्खनचा दगड साडेसहा कोटी वर्षांमागचा. इथल्या लाव्हाचा मोठा भाग दीड-पावणेदोन कोटी वर्षांपूर्वीचा. माझी आई वाईची. भिंत पूर्ण झाल्यावर तिने हात फिरवून बघितला आणि म्हणाली, "हा आपल्या घाटाचा दगड आहे." मी तिला दुरुस्त केलं नाही.

कामाच्या दृष्टीने: बेसाल्ट पाणी जवळजवळ पीत नाही, त्यामुळे मसाला घट्ट आणि पॉलिमर मिसळलेला घ्यावा लागला. ओहायोत तुम्हाला वालुकाश्म मिळेल, तो पाणी पितो. त्याची काळजी उलटी, तो आधी भिजवावा लागतो.

---

नीरेकाठ | २४ ऑगस्ट, रात्री १०:३०

दोन आठवड्यांचं एकदम लिहिते.

चिमणीवाले येऊन गेले. हिमगंध, तुमचे किती आभार मानू! डॅम्पर अर्धाच उघडत होता आणि त्याच्या मागच्या कट्ट्यावर वाळक्या काटक्या, पिसं आणि चुरा यांचा ढीग होता. कॅमेऱ्यात धुराड्याच्या मातीच्या नळ्यांमधला एक सांधा रिकामा दिसला, त्यातला मसाला झडून गेला होता. लाकडाच्या धुराचं राळेसारखं काळं किटण आतून बसलं होतं. ते पेट घेतं तेव्हा अशा फटीतून आग घराच्या लाकडी सांगाड्यापर्यंत जाऊ शकते, असं त्यांनी सांगितलं. हे सगळं दुरुस्त करून घेतलं. दगडासाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतला बराच भाग त्यात गेला, आणि त्याचं मला जराही वाईट वाटत नाही.

रंगात शिसं निघालं नाही. जाळी लावायचं ठरलं.

दगड घेतला ओहायोचाच, उत्तरेकडच्या खाणींतला बेरिया वालुकाश्म, इंचभर जाडीचा कापलेला. पिवळसर राखाडी. खाणीच्या आवारात अण्णा तासभर फिरले. प्रत्येक चळतीतला एक दगड उचलून दुसऱ्या दगडाने वाजवून बघत होते. घनफुटाला १४० पौंड धरले तर इंचभर जाडीला चौरस फुटामागे १२ पौंडांच्या आत बसतो.

हिशोब असा केला, चुकला असेल तर सांगा. समोरची बाजू ४८ चौरस फूट, वजा तोंड ७, राहिले ४१. दोन्ही बगला ८ आणि ८. एकूण ५७. कोपऱ्याचे एल आकाराचे दगड धावत्या फुटावर मिळतात. दोन कोपरे, ८ फुटी, म्हणजे १६ फूट. कोपऱ्याचा एक धावता फूट साधारण पाऊण चौरस फूट झाकतो, म्हणून ५७ मधून १२ वजा. सपाट दगड ४५. दहा टक्के जास्तीचे धरून सपाट ५० चौरस फूट आणि कोपरे १८ फूट मागवले.

मँटलसाठी (फायरप्लेसवरच्या फडताळासाठी) अक्रोडाची ८ इंच खोल फळी आणली आहे. तोंडाच्या वर ९ इंचांवर बसवायचा विचार आहे.

---

मोजपट्टी | २५ ऑगस्ट, सकाळी ८:४५

दगडाचा हिशोब बरोबर आहे. फळीचा नाही, आणि हे महत्त्वाचं आहे.

आयआरसी या निवासी बांधकामाच्या नियमावलीप्रमाणे तोंडापासून ६ इंचांच्या आत लाकूड मुळीच नको. ६ ते १२ इंचांच्या पट्ट्यात लाकूड असेल तर तोंडापासूनच्या प्रत्येक इंचाला एक अष्टमांश इंच एवढंच ते पुढे येऊ शकतं. ९ इंचांवर जेमतेम एक पूर्णांक एक अष्टमांश इंच होतो, तुमची फळी ८ इंच. ती १२ इंचांच्या वर न्या. माझ्या घरात असती तर मी आणखी थोडी वर नेली असती. तुमच्या गावचे नियम याहून कडक असू शकतात, नगरपालिकेच्या बांधकाम खात्यात विचारून घ्या.

दुसरी गोष्ट, तोंडापुढचा ओटा. तुमचं तोंड ७ चौरस फूट आहे. ६ किंवा त्याहून मोठं तोंड असेल तर पुढे २० इंच आणि दोन्ही बाजूंना १२ इंच न जळणारा ओटा लागतो. ६ पेक्षा लहान असेल तर १६ आणि ८ चालतात. तुमचा आत्ता किती आहे? जाळी, गिलावा, मसाला आणि दगड मिळून भिंत अडीच इंच पुढे येणार आहे. आज बरोबर २० इंच असेल तर उद्या साडेसतरा उरेल.

---

नीरेकाठ | २५ ऑगस्ट, रात्री ८:००

लगेच मोजला. पुढे २० इंच. बरोबर २० इंच. तुम्ही लिहिलं नसतं तर काम झाल्यावर कळलं असतं. ओट्यापुढची लाकडी जमीन ४ इंच कापून ओटा वाढवायचा ठरवलाय. बांधकाम खात्यातही जाऊन आले. त्यांचा माणूस म्हणाला की तो नव्या दगडाच्या पृष्ठभागापासूनच मोजेल. फळी १४ इंचांवर.

---

नीरेकाठ | ८ सप्टेंबर, रात्री ९:२०

ओटा झाला. जाळी झाली. गिलावाही झाला.

जाळीचे तुकडे एकमेकांवर इंचभर चढवले. कोपऱ्यावर तुकडा संपवला नाही, वळवून पुढच्या बाजूवर फूटभर नेला, नाहीतर नेमकी कोपऱ्यावर भेग जाते. दर ६ इंचांवर स्क्रू. अण्णा प्रत्येक स्क्रूपाशी अंगठा दाबून बघत होते, जाळी हलली की आणखी एक.

मसाला टाइप एसचा. घटक अण्णांना समजावून सांगितले: एक भाग सिमेंट, अर्धा भाग चुना, साडेचार भाग वाळू. चुना ऐकून ते खूश झाले. "चुना पाणी धरून ठेवतो, माल पटकन सुकत नाही," म्हणाले. तयार पोत्याचा माल घमेल्यात कालवला (घमेलं इथे मिळालं नाही, प्लास्टिकची पाटी आणली) तेव्हा त्यांनी थापीवर थोडा घेऊन ती उभी धरली. माल घसरला नाही. "आता झाला."

अर्धा इंच गिलावा, जाळी पूर्ण बुडेपर्यंत. जरा घट्ट झाल्यावर त्यावर आडवे ओरखडे. उभे नाहीत, आडवेच, म्हणजे दगडाचा मसाला त्या खाचांत अडकून बसतो. नंतर दोन दिवस सकाळ-संध्याकाळ फवाऱ्याने पाणी मारलं. माझा मुलगा विचारायचा, "आजोबा, भिंतीला झाड आहे का?"

---

नीरेकाठ | १५ सप्टेंबर, संध्याकाळी ६:१०

आज माझी चूक झाली, ती लिहून ठेवते.

दुपारी अण्णा झोपले होते. मला वाटलं, एक कोपरा लावून त्यांना दाखवावा. कोपऱ्याचे तीन दगड लावले. सुंदर बसले. चौथा लावताना पहिला सरकला आणि तिन्ही खाली आले. एक फुटला. माझ्या पायापासून वीतभर अंतरावर.

अण्णा आवाजाने उठून आले. रागावले नाहीत. पडलेला दगड उलटा करून त्याच्या पाठीवर बोट फिरवलं आणि ते बोट मला दाखवलं. पिठासारखी भुकटी. दगड कापताना पाठीवर बसलेली धूळ मी धुतली नव्हती. गिलावा आठवडाभराचा कोरडा, त्यालाही पाणी मारलं नव्हतं. मोजपट्टींनी दहा ऑगस्टला लिहिलेलं वाक्यच्या वाक्य माझ्यासमोर घडलं.

---

डोंगरवाट | १५ सप्टेंबर, संध्याकाळी ७:३०

लागलं नाही ना कुठे? ते आधी सांगा.

दगड ब्रशने धुऊन ओले करून उन्हात ठेवा. वरचं पाणी उडालेलं, आतून ओलसर असा दगड हवा. टपटप पाणी गळणाराही नको, तो घसरतो.

---

नीरेकाठ | १५ सप्टेंबर, रात्री ८:०५

नाही, काही लागलं नाही. उद्यापासून सुरक्षा बूट घालूनच.

---

उंबरठा | १६ सप्टेंबर, सकाळी ९:००

दगड कापताना मास्क लावताय ना? वालुकाश्म म्हणजे बहुतेक सगळा सिलिकाच. त्याची बारीक धूळ फुप्फुसात गेली की बाहेर येत नाही, सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. अमेरिकेत कामगारांसाठी २०१६ च्या नियमाने ही मर्यादा घनमीटर हवेला ५० मायक्रोग्रॅमवर आणली आहे, एवढी धूळ डोळ्यांना दिसतसुद्धा नाही. माझ्या काकांनी राजस्थानी दगडाच्या कारखान्यात तोंडाला नुसता रुमाल बांधून वीस वर्षं काढली. त्यांचा शेवटच्या दोन वर्षांतला श्वास मी ऐकलाय. कृपया घराबाहेर, पाणी सोडत कापा. अण्णांनाही मास्क लावायला लावा.

---

नीरेकाठ | १६ सप्टेंबर, रात्री ८:४०

उंबरठा, तुमचा प्रतिसाद अण्णांना वाचून दाखवला. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांच्याबरोबर काम केलेल्या दोघांची नावं घेतली. आता दोघंही बारीक धूळ अडवणारे पी१०० मास्क लावतो, अंगणात, पाण्याची धार सोडून.

---

नीरेकाठ | १३ ऑक्टोबर, रात्री १०:५०

चार शनिवार-रविवार लागले. भिंत पूर्ण झाली.

आधी हॉलमध्ये जुनी चादर पसरून त्यावर तीसेक चौरस फूट दगड मांडले, वेगवेगळ्या खोक्यांतले मिसळून. एकाच खोक्यातले लावले तर एका जागी पिवळा डाग आणि दुसरीकडे राखाडी असं दिसतं. अण्णांचा कटाक्ष सांधेमोडीवर. खालची उभी दरज वरच्या दगडाच्या मध्याखाली आलीच पाहिजे. चार दगडांचे कोपरे एका बिंदूत भेटले की ते लगेच थांबवायचे. मला वाटायचं हे दिसण्यासाठी असेल. ते म्हणाले, "भेग सरळ वाट शोधते. तिला वाट देऊ नये."

सुरुवात कोपऱ्यांपासून. एका थराला एलची लांब बाजू पुढे, पुढच्या थराला आखूड. दोन्ही कोपरे चढवायचे आणि मधे सपाट दगड भरायचे. प्रत्येक दगडाच्या पाठीला पूर्ण मसाला, अर्धा इंच, मध्ये थोडा उंच. भिंतीवर टेकवून दाबायचा आणि किंचित हलवायचा, कडेने सगळीकडून थोडा मसाला बाहेर येईपर्यंत. एकदा बसला की हात लावायचा नाही. थोडं जमायला लागल्यावर सरकवला तर काढून, दोन्ही बाजू खरवडून, नव्या मालाने परत लावायचा. मी असे अकरा दगड परत लावले.

ओळंबा अण्णांनी गावाहूनच आणलाय, पितळेचा. माझ्याकडे लेझरची लेव्हल होती. दोन्ही वापरले आणि दोन्ही जुळले.

तोंडाच्या वर लोखंडी अँगलला दगड घट्ट टेकवला नाही, पाव इंच फट ठेवली. लोखंड तापून जास्त फुगतं, दगड तेवढा फुगत नाही. त्या फटीत उष्णता सोसणारं सीलंट. त्या ओळीला मसाला जमेपर्यंत खालून लाकडी टेकू दिला, दोन दिवस काढला नाही.

दरजा भरायला मेंदीच्या कोनासारखीच पिशवी मिळते, फक्त हातभर मोठी. मेंदी काढलेली असल्यामुळे हे मला अण्णांपेक्षा चांगलं जमलं, त्यांनीच तसं सांगितलं. घाई करायची ती इथे मुळीच नाही. भरल्याबरोबर पुसायला गेलं की सिमेंट दगडाच्या तोंडावर पसरतं आणि पांढरट डाग कायमचा राहतो. अंगठा दाबला की ठसा उमटतो पण बोटाला काही लागत नाही, तेव्हा लाकडी काडीने दरज दाबून मागे घ्यायची आणि कोरड्या झाडूच्या ब्रशने चुरा झाडायचा. ओला स्पंज नाही, तारेचा ब्रश नाही, ॲसिड तर नाहीच.

शेवटी अण्णांनी थापीच्या मुठीने प्रत्येक दगड वाजवला. खणखणीत, खणखणीत. डाव्या बगलेत खालून तिसऱ्या थरात एक बद्द वाजला. मला ऐकूही आला नव्हता. काढला तर त्याच्यामागे तळहाताएवढी पोकळी, मसाला चिकटलाच नव्हता. तो मीच लावलेला. परत लावलाही मीच.

---

दवबिंदू | १४ ऑक्टोबर, सकाळी ११:२०

फार सुंदर झालंय. आमच्या न्यू जर्सीच्या टाउनहाऊसमध्ये विटा नाहीत, पत्र्याची गॅस फायरप्लेस आणि भोवती ड्रायवॉल (जिप्सम बोर्डाची भिंत). यावरही असंच करता येईल का? वर टीव्ही लावायचा आहे.

---

डोंगरवाट | १४ ऑक्टोबर, दुपारी १:००

करता येईल, पण नियम वेगळे आहेत. विटांच्या चिमणीला स्वतःचा पाया असतो. तुमच्याकडे दगडाचं सगळं वजन लाकडी सांगाड्यावर आणि खालच्या जमिनीवर येणार, ते आधी एखाद्या अभियंत्याला दाखवा. ड्रायवॉलवर थेट लावू नका. सिमेंट बोर्ड किंवा जाळी लावायची आणि स्क्रू लाकडी खांबांतच गेले पाहिजेत.

आणि कंपनीची पुस्तिका शोधा. प्रत्येक मॉडेलला कुठपर्यंत न जळणारं साहित्यच लावायचं, फळी किती उंचीवर, टीव्ही किती वर, हे त्यात छापलेलं असतं. पत्र्याच्या तोंडाला वर-खाली हवेच्या फटी असतात, त्या दगडाने झाकल्या तर आतलं यंत्र तापतं. पुस्तिका नसेल तर आतल्या पट्टीवर मॉडेल क्रमांक असतो.

---

नीरेकाठ | १७ नोव्हेंबर, रात्री ९:१५

अण्णा २७ ऑक्टोबरला गेले. मसाल्याला २८ दिवस पूर्ण होईपर्यंत आग लावायची नाही असं त्यांनी बजावलं होतं, म्हणून ते इथे असताना पेटवली नाही. आज पेटवली. पहिली अगदी लहान, तीन बारीक लाकडं. व्हिडिओ कॉल लावून ठेवला होता, त्यांच्याकडे उद्याची सकाळ उजाडली होती. धूर सगळा वर गेला, एक रेघही बाहेर नाही. त्यांनी विचारलं, "वरचा दगड हाताला किती लागतोय?" हात ठेवून बघितला. कोमट.

काचेच्या दारांचं राहिलं आहे. जुनी दारं आता बसत नाहीत, दगड उंच-सखल असल्यामुळे चौकटीमागे कुठे पाव इंच, कुठे अर्धा इंच फट राहते. कुणी करणार असेल तर दाराची चौकट टेकते तेवढ्या पट्टीत सपाट दगड निवडून लावा, किंवा आत बसणारी दारं घ्या. मी आत बसणारी मागवली आहेत, माप ३५ आणि तीन चतुर्थांश बाय २७ आणि तीन चतुर्थांश.

---

दवबिंदू | १७ नोव्हेंबर, रात्री ९:५०

पुस्तिका मिळाली. न जळणाऱ्या साहित्याचा पट्टा वर ८ इंच लिहिलाय. शनिवारी ड्रायवॉल काढायला सुरुवात करते. जाळीचे स्क्रू किती लांबीचे घेऊ?

---

नीरेकाठ | १७ नोव्हेंबर, रात्री १०:०५

सिमेंट बोर्डाची जाडी सोडून लाकडात निदान इंचभर गेले पाहिजेत. खांब कुठे आहेत ते आधी भिंतीवर पेन्सिलीने आखून घ्या, बहुतेक १६-१६ इंचांवर असतील. आणि बोर्ड लावायच्या आधी उघड्या सांगाड्याचे फोटो इथे टाका, अण्णांना दाखवते.